ठसका होता, वास नव्हता

माझ्या नाकाला वास यायचा बंद झाला तेव्हा मी दवाखान्यात गेले नाही. भांडायला गेले.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आमचा मसाल्याचा ठरलेला दुकानदार आहे. सगळी गिऱ्हाइकं त्यांना आण्णा म्हणतात. लग्न होऊन मी उचगावात आले तेव्हापासून लवंग, दगडफूल, धने, खसखस सगळं त्यांच्याकडचंच. त्या दिवशी मी पिशवी त्यांच्या गल्ल्यासमोर उलटी केली आणि दुकानात माणसं असताना म्हटलं, "आण्णा, मेलेला माल गळ्यात मारतासा व्हय? दगडफुलाला वास न्हाय, लवंगंला वास न्हाय. गवत घेऊन गेल्यागत झालंय."

आण्णांनी चिमूटभर दगडफूल घेतलं, तळहातावर चोळलं, हुंगलं, आणि शेजारच्या गिऱ्हाइकापुढं हात केला. "पावणं, तुम्हीच सांगा."

"घमघमाट हाय की!" पावणा म्हणाला.

"म्हंजे मी खोटं बोलतो?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार.

"तसं न्हवं, वहिनी. माल बरा हाय. एकदा नाक दाखवून घ्या कुणाला तरी."

मला असा राग आला म्हणता! माझ्या नाकाला नाव ठेवतो हा माणूस? आमच्या अर्ध्या गल्लीची वर्षाची चटणी माझ्या कढईत भाजली जाते. आण्णांनी मुकाट्यानं दुसरी पिशवी भरून दिली. घरी येऊन उघडली, तर तिलाही वास नव्हता. तरी मला वाटलं, आज सगळी पोतीच खराब निघाली.

हे मी बोलतेय आणि माझी सून अश्विनी मोबाईलवर लिहून घेतेय. मी बोलताना आमच्याकडच्या बायकांसारखं 'गेलतो, आलतो' म्हणते, ती लिहिताना 'गेले होते, आले होते' करते. करू दे. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचं सांगाच सगळ्यांना, पुष्कळ लोक याला आजारच मानत नाहीत." म्हणून सांगते.

करपलेलं खोबरं

बाहेरगावच्यांसाठी एवढं सांगायला हवं, की आमच्याकडं चटणी म्हणजे वाटीत घेऊन चाटायची वस्तू नव्हे. वर्षभराचं लाल तिखट, त्यात कांदा, लसूण, खोबरं आणि सगळा मसाला. उन्हाळा लागला की बायका साहित्य घेऊन येतात, मी ते भाजते आणि मग ते डंकावर कुटायला जातं. भाजणं हाच त्यातला जीव. थोडं कच्चं राहिलं तर चटणीला बुरशी, थोडं जास्त झालं तर वर्षभर कडू. आणि मी भाजते ती डोळे मिटून, कारण मिरची पडली की डोळे उघडे ठेवायची सोयच नसते. सगळं काम नाकावर.

मार्गशीर्षात मला ताप येऊन गेला होता. सर्दी, अंगदुखी, जे सगळ्यांना होतं तेच. ताप उतरला, पण तोंडाला चव आली नाही. त्यात काय एवढं! तापानंतर कुणाच्या तोंडाला चव असते? वास येत नाही हे मला कळलंच नाही, कारण मिरची कढईत पडली की मला ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, शिंका यायच्या. ज्याला ठसका लागतो त्याचं नाक शाबूत, असा माझा हिशेब. कोल्हापूरच्या बाईशिवाय असला हिशेब कोण करणार?

मग हंगामाची पहिली कढई चढली. शेजारच्या सुनंदाकाकूंची चटणी होती. मिरची भाजून झाली होती, धुरानं डोळे चुरचुरत होते. मी डोळे मिटून खोबरं हलवत होते. आणि परसातून अश्विनी पळत आली.

"आत्ती, करपलं! खोबरं करपलं!"

"कुठं करपलंय? मला वास न्हाय आला."

डोळे उघडले. कढईत कोळसा.

अश्विनी फडताळाकडं गेली आणि एकेक डबा उघडून माझ्या नाकाखाली धरू लागली. हिंग. काही नाही. लवंग. काही नाही. खोबरेल तेल, उदबत्ती, नातवाचं पावडरचं डबडं. काही नाही. शेवटी मीच कढईत तोंड घातलं आणि त्या जळक्या खोबऱ्याचा धूर ओढला. खोकला आला. वास नाही.

मी मटकन खाली बसले. मला पहिली आठवण कशाची झाली असेल? आण्णांची. त्या माणसाला मी चार लोकांत काय काय बोलून आले होते!

दुर्बीण

कान-नाक-घशाचे बरेच डॉक्टर आहेत कोल्हापुरात. आमच्या ओळखीतल्या एकीनं एका मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमचं नाव सांगितलं, त्या वास जाण्यावरच अभ्यास करतात म्हणाली. मला हसू आलं. वासाचा अभ्यास! बाकीचे रोग संपले काय?

मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. नाकात दुर्बीण घातली तेव्हा मी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. दुखलं नाही फार, पण डोळ्यांतून पाणी आलं. नाकात मांस वाढलेलं नव्हतं, सूज नव्हती. मग त्यांनी छोट्या छोट्या बाटल्या काढल्या. एकेक हुंगायची आणि कसला वास ते सांगायचं. मी सगळ्यांना "न्हाय" म्हणत गेले. एका बाटलीला मात्र जोरात म्हटलं, "ह्यो आला! गार गार लागलं. निलगिरी!"

मॅडमनी मान हलवली. "मावशी, तो वास नव्हे. निलगिरी गार लागते, मिरची झोंबते, कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं. हे सांगणारी नस वेगळी आणि वासाची नस वेगळी. तुमची ती नस चांगली आहे. वासाची दुखावली आहे, बहुतेक त्या तापातच."

"म्हंजे मला एवढे दिवस ठसका लागत हुता तो..."

"तो वास नव्हता."

इतकी वर्षं ठसका म्हणजेच वास असं धरून चाललेली मी! खुर्चीत बसल्या बसल्या मला वेड लागल्यासारखं वाटलं.

मी विचारलं, "परत कधी येणार?"

"काहींचा येतो, काहींचा अर्धा येतो, काहींचा येत नाही. कुणाचा येणार आणि कुणाचा नाही, हे अजून आम्हाला पूर्ण माहीत नाही. तोच तर अभ्यास चाललाय."

"म्हाईत न्हाय म्हंजे? डॉक्टर हायसा की तुम्ही!" मी ओरडलेच. सोबत आलेल्या आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, माझा हात दाबला.

मॅडम रागावल्या नाहीत. "म्हणूनच खोटं सांगत नाही," म्हणाल्या. त्या वेळी मला ते वाक्य फार लागलं. आज त्याच वाक्यासाठी मी त्यांना हात जोडते. खोटा धीर दिला असता तर महिन्याभरात मी सगळं सोडून दिलं असतं.

मशीन

खात्री करायची म्हणून त्यांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. अश्विनीनं मोबाईलवर वाचलं, की वास जाण्याची कारणं पुष्कळ असतात. डोक्याला मार, नाकातलं वाढलेलं मांस, धूळ, वय. इथपर्यंत तिनं मोठ्यानं वाचलं. पुढचं तिनं मनातल्या मनात वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. मी मोबाईल ओढून घेतला. कंपवात लिहिलं होतं, मेंदूत गाठ लिहिलं होतं.

"ठेव तो मोबाईल खाली," मालक म्हणाले.

मशीनमध्ये घालताना अंगावरचं सगळं काढून ठेवायला लावलं. मंगळसूत्र मालकांच्या हातात दिलं. आत खडखडाट चालला होता, आणि मी डोळे मिटून काय करत होते सांगू? वास आठवत होते. एकेक करून. नव्या ब्याडगी मिरचीचा, पहिल्या उकळीच्या चहाचा, नातवाच्या टाळूचा. कुठला आठवतो, कुठला पुसट झालाय, हे बघत होते. टाळूचा आठवला आणि मी आतल्या आत रडले. हलू नका सांगितलं होतं म्हणून हुंदकाही दिला नाही.

गाठबीठ काही नव्हतं. बाहेर येऊन बघते तर मालक बाकावर मंगळसूत्र मुठीत धरून तसेच बसलेले. मी म्हटलं, "द्या आता. का इकायचंय?" तेव्हा कुठं ते हसले.

चार बाटल्या

औषध म्हणजे गोळी-इंजेक्शन नव्हतं फारसं. नाकाची तालीम होती. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. नुसतं हुंगून भागत नाही. आपल्या डोक्यानं नाकाला आठवण करून द्यायची, असं मॅडमनी सांगितलं. मी त्यांच्या अभ्यासात नाव दिलं. ठरावीक दिवसांनी जायचं, बाटल्या हुंगायच्या, उत्तरं द्यायची. एकदा एक बाटली देऊन त्यांनी चार नावं वाचून दाखवली, त्यातली दोन फळं मी जन्मात खाल्ली नव्हती. म्हटलं, "मला हे आधीच ठाव न्हाय, तर गेलं का राहिलं कसं सांगू?" त्या हसल्या. आपल्याकडच्या माणसांसाठी आपल्याकडचे वास घेऊन तपासणी बसवायची, त्यावरही त्यांचं काम चाललंच होतं.

पण घरात मी माणसात नव्हते. चपाती चामडं लागायची. माझ्या अंगाला वास येत असेल या भीतीनं मी दिवसातून दोनदोनदा आंघोळ करायची आणि तरी अश्विनीला विचारायची, "येतोय काय गं?" आणि हंगाम तर सुरू झालेला. सुनंदाकाकूंना खोबरं भरून दिलं, पण गल्लीत बातमी गेलीच. मी ठरवलं की कढई पालथी घालायची. नाकाशिवाय मी कोण? दुसऱ्याच्या वर्षाच्या जेवणाशी खेळायचं धाडस माझ्यात नव्हतं.

अश्विनी म्हणाली, "आत्ती, मी भाजतो. तुम्ही सांगा."

"तुला काय कळतंय?" असं मी फाडकन म्हणाले. घरात आल्यापासून मी तिला त्या कढईला हात लावू दिला नव्हता. (हे लिहू नको म्हटलं, तरी ती लिहितेय बघा.)

ती गेली नाही तिथून. "मला वास येतोय. तुम्हाला कळतंय. दोघी मिळून एक बाई हुईल की."

आणि तसंच केलं. ती कढईपाशी, मी शेजारी पाटावर. तीळ तडतडला की मी कानानं सांगायची, धने बोटांनी चुरडून सांगायची. पण खोबऱ्याला कान चालत नाही. मग ती हुंगायची आणि बोलायची. "आता ओला वास हाय... आता गोड यायलाय, लाडवागत... आता शेंगदाणं भाजल्यागत, आत्ती..." आणि मी आठवणीतून म्हणायची, "उतरव!" पहिल्या दिवशी आम्ही दोघीही घामानं भिजलो. डंकावरून कुटून आल्यावर सुनंदाकाकूंनी चटणी चाखून बघितली, माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हीच की ती." त्या उन्हाळ्याची सगळी चटणी आम्ही अशी केली.

मालकांचं नाक

बाटल्यांच्या वेळी मालक शेजारी बसायचे. शिरोलीच्या फौंड्रीत सगळी नोकरी झाली त्यांची, आता घरीच. मी लिंबू हुंगलं की ते उत्साहानं म्हणायचे, "आला? आला?" एकदा मी चिडून बाटली त्यांच्या नाकाला लावली. "तुम्हीच सांगा, कसला हाय?"

त्यांनी दोनदा हुंगलं. "गुलाब?"

बाटली लवंगेची होती.

पुढच्या खेपेला मॅडमनी त्यांचीही तपासणी केली. फौंड्रीतल्या धुरळ्यानं आणि धुरानं असेल, वयानं असेल, पण त्यांचा वास कधीच अर्ध्याहून कमी झाला होता. आणि ह्या माणसाला पत्ता नाही! "चाललंय की," म्हणाले.

घरी येताना गाडीवर मी मागून विचारलं, "मग इतकी वर्सं माझ्या हातचं जेवून झक्कास झक्कास म्हणत हुता, ते कशाच्या जीवावर?"

"ठसका लागायचा की," ते म्हणाले. गाडी वळवून पुन्हा म्हणाले, "आन् तू वाढताना तोंडाकडं बघायचीस. मग झक्कासच लागायचं."

मला राग यायला हवा होता. मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं आणि उचगाव येईपर्यंत तशीच बसले.

उलटे वास

गणपतीच्या सुमारास वास आला. पण कसला आला! चहाला जळकट दर्प, कांदा परतला की गटार उपसल्यासारखं, आणि खोबरं, माझं खोबरं, सडक्या अंड्यासारखं. मोदकांचं ताट समोर आलं आणि मी तोंड दाबून परसात पळाले. तिथंच बसून ढसाढसा रडले. देवाच्या नैवेद्याची किळस यावी, हे काय जगणं झालं?

मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या! म्हणाल्या, "मावशी, नवीन नसा फुटतायत. अजून त्यांना वाट सापडत नाही, म्हणून भलतं सांगतायत. बाटल्या सोडू नका." मला त्यांच्या तोंडावर चार शब्द बोलावेसे वाटले. पण काहीच येत नसण्यापेक्षा भलतं येणं बरं, हे हळूहळू पटलं.

त्या दिवसांत घरानं माझ्यासाठी काय केलं ते सांगितलंच पाहिजे. अश्विनी कांदा-लसूण परसातल्या चुलीवर, वारं बघून परतायची. मुलगा कामाच्या पाळीवरून आला की गारढोण भात-दही निमूट खायचा. आमच्या घरात रस्सा नाही, फोडणी नाही आणि तरी कुणाची कुरकुर नाही! कोल्हापुरात दहीभातावर दिवस काढणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरालाच कळेल. मी कुणाला आभार म्हटलं नाही तेव्हा. आज म्हणते.

तुमचंही असं झालं असेल तर

मी डॉक्टर नाही, पण जे भोगलं त्यातून सांगते. सर्दीनंतर वास आला नाही तर उगाच वाट बघत बसू नका, दाखवून घ्या. कारणं वेगवेगळी असतात, तुमचं माझ्यासारखंच असेल असं नाही. गॅसचा कॉक रात्री दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. आमच्यात तो नातू बघतो आणि मोठ्यानं ओरडून सांगतो. कालची भाजी नाकानं तपासू नका, घरच्यांना विचारा, त्यात लाज कसली? आणि कुणी म्हणालं, "वासच गेलाय न्हवं, डोळं तर हायत की," तर खुशाल भांडा. मी भांडलेय.

आण्णांकडंही गेले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी स्टूल पुढं केलं. म्हटलं, "आण्णा, माझ्या नाकाचं पहिलं डॉक्टर तुम्ही." तर म्हणाले, "मी आपलं भांडण मिटवायला म्हटलं हुतं, वहिनी!" आणि लवंगेची पुडी हातावर ठेवली, बाटलीत घालायला. प्रत्येक खेपेला ताजी लवंग देतात. पैसे घेत नाहीत आणि विषयही काढत नाहीत.

यंदाची पहिली कढई

गुलाब अजून आलेला नाही. लिंबू येतं, पण लांबून. नातवाच्या डोक्याला मात्र आता त्याचा वास आहे. धुळीचा आणि घामाचा, पण त्याचाच.

खोबऱ्याचं काही खरं नव्हतं. सडका वास गेला होता, पण त्याच्या जागी काही आलं नव्हतं. यंदाच्या हंगामाची पहिली कढई चढवली तेव्हा सगळं गेल्या वर्षीसारखंच मांडलं. खोबरं आधी घेतलं होतं. अश्विनी कढईपाशी, मी पाटावर, तिच्याकडं पाठ करून कोथिंबीर निवडत. ती बोलेल आणि मी सांगेन, असं ठरलेलं.

ती काही बोलत नव्हती. नुसता उलथन्याचा आवाज. आणि एकाएकी मागून काहीतरी आलं. ओलं, मग गोड, मग लाडवासारखं. मी हातातली काडी तशीच धरून बसले. श्वास सोडायची भीती वाटली. मग शेंगदाणे भाजल्यासारखं, आणि त्याच्या कडेला, अगदी कडेला, तांबूस होतानाचा तो वास, ज्याच्या पुढं क्षणभरही थांबायचं नसतं.

"उतरव!" मी किंचाळले.

"उतरवलंय की, आत्ती!"

मी वळून बघितलं. कढई खाली होती. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आतच तिनं ती उतरवली होती. खोबरं जसं हवं तसं, एक काप इकडं नाही की तिकडं नाही. ती माझ्याकडं बघत होती. मग तिच्या ध्यानात आलं.

"आत्ती... मी तर काय बोललोच न्हाय."

"न्हाय बोललीस," मी म्हटलं. माझं नाक माझ्याकडं परत आलं होतं, आणि ते नसताना या घरात दुसरं एक नाक तयार होऊन बसलं होतं. मी देवाकडं एकच नाक मागितलं होतं. मी उठून तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना धुराचा वास होता. तोही आला मला.

मालक ओट्यावरून आत डोकावले. आम्हा दोघींच्या डोळ्यांना धार लागलेली बघून घाबरले. "काय झालं गं?"

"ठसका लागला," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

मिरची अजून पोत्यातच होती.